लाकडाची चाकं, समुद्राची वेळ

मित्रांनो, हॉस्टेलच्या खोल्यांमधून भिंतीवरचं घड्याळ केव्हाच गेलं. वेळ मोबाईलवर बघायची आणि मेसची वेळ पोटावरून ओळखायची, असा आपला कारभार! पण गावाकडच्या घरात एखादं किल्लीचं, लंबकाचं, टोले देणारं घड्याळ अजून टांगलेलं असेल, तर सुट्टीत त्याचं दार उघडून नीट बघा. चार-पाच दातेरी चाकं, एक स्प्रिंग किंवा वजन, एक लंबक, आणि चाकांना मोकाट पळू न देता एका वेळी एकच दात सोडणारा एक छोटासा भाग. त्याला एस्केपमेंट म्हणतात. टिक-टिक हा आवाज त्याचाच. बस्स, एवढंच यंत्र.

हौस म्हणून असं घड्याळ घरी बनवणारे लोक जगभर आहेत. कुणी प्लायवूडची चाकं कापतो, कुणी पितळेची. ते चालू करणं फार कठीण नाही. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी बंद! घड्याळ जरा तिरकं टांगलं गेलं, म्हणून दोन टिकांमधलं अंतर सारखं राहिलं नाही. तेलात धूळ बसून ते चिकट झालं. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि दाते एकमेकांत अडकले. बरं, बंद नाही पडलं तरी रोज मिनिटभर पुढे नाहीतर मागे जातंच. मग एकेक कारण शोधत बसायचं.

या छंदाचा आद्यगुरू म्हणावा असा माणूस अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचं नाव जॉन हॅरिसन. पेशाने सुतार. हातात डिग्री नाही, कुठल्या घड्याळजीकडे उमेदवारी केलेली नाही. तरी भर समुद्रात अचूक वेळ सांगणारं पहिलं घड्याळ त्याने बनवलं. हे त्याला कसं जमलं, हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी समजून घ्यायला हवं.

हॅरिसनचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरमधल्या फाउल्बी या खेड्यात झाला. वडील सुतार. पुढे हे कुटुंब हंबर नदीच्या दक्षिण काठावरच्या बॅरो गावी येऊन राहिलं. जॉन वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकला. संगीताचाही त्याला नाद होता. चर्चच्या गायनवृंदाकडे तो बघायचा.

शिकायची भूक मोठी, पण गावात पुस्तकं कुठली? सुमारे १७१२ साली एका धर्मगुरूने त्याला केंब्रिजचे अंध प्राध्यापक निकोलस साँडरसन यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचायला दिली. पठ्ठ्याने ती सगळीच्या सगळी, आकृत्यांसकट, हाताने उतरवून काढली! परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सच्या झेरॉक्ससाठी धावणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. हॅरिसनने ती प्रत जन्मभर वापरली आणि तिच्यात स्वतःच्या टिपा लिहीत राहिला.

१७१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पहिलं मोठं घड्याळ पूर्ण केलं. जवळजवळ सगळंच लाकडाचं! चाकं ओकची, आस बॉक्सवूडच्या. सुताराला परवडेल आणि हाताला ओळखीचं तेच साहित्य. पण लाकडाचा दात आडव्या रेषांवर कापला तर तो फटकन तुटतो. म्हणून हॅरिसनने चाकाच्या कडेला खाच घेऊन तिच्यात दात्यांचे वेगळे तुकडे बसवले. प्रत्येक तुकड्यातल्या लाकडाच्या रेषा केंद्राकडून बाहेर जातील अशा ठेवल्या. मटेरियलची ताकद कुठल्या दिशेला आहे ते ओळखून डिझाइन करायचं, हे तो रंधा मारता मारता शिकला होता. त्याची १७१३, १७१५ आणि १७१७ सालची घड्याळं आजही जपून ठेवलेली आहेत.

सुमारे १७२२ मध्ये ब्रॉकल्स्बी पार्क इथल्या जमीनदाराच्या तबेल्यावर त्याने मनोऱ्याचं घड्याळ बसवलं. त्या काळचं तेल म्हणजे प्राण्यांची किंवा वनस्पतींची चरबी. थंडीत ते घट्ट व्हायचं आणि वर्षभरात त्याचा चिकटा व्हायचा. दुसऱ्या कुणी चांगलं तेल शोधलं असतं. हॅरिसनने तेलाची गरजच काढून टाकली. लिग्नम व्हिटे नावाचं एक अतिशय कठीण लाकूड असतं आणि त्याच्यात स्वतःचाच तेलकटपणा असतो. घासणाऱ्या जागी त्याने ते वापरलं. जोडीला ग्रासहॉपर, म्हणजे नाकतोड्यासारखं पाय उचलणारं एस्केपमेंट शोधलं. त्यात भाग एकमेकांवर घासत नाहीत, फक्त टेकतात आणि उचलले जातात.

मग तापमानाचा नंबर आला. धातूचा लंबक उन्हाळ्यात लांबतो आणि घड्याळ मागे पडतं. किती? आकडा काढून बघू. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला एक कोटीत सुमारे ११५ भागांनी वाढते. दहा अंश तापमान वाढलं तर घड्याळ दिवसाला जवळजवळ ५ सेकंद मागे जातं. पितळेच्या लंबकाला हाच फरक ८ सेकंदांचा. हॅरिसनने ठरवलं, की या दोघांची आपसात भांडणं लावायची! पोलादाच्या दांड्या प्रसरण पावून लंबकाचा गोळा खाली ढकलतील आणि पितळेच्या दांड्या त्याला वर उचलतील. दोन्ही धातूंच्या प्रसरणाचं प्रमाण साधारण ३ ला ५ आहे. म्हणजे मीटरभर लंबकाला पोलाद एकूण अडीच मीटर आणि पितळ दीड मीटर हवं. मीटरभर उंचीत दीड मीटर पितळ कसं मावणार? म्हणून दोन टप्प्यांत. समतोल राहावा म्हणून कडेच्या दांड्या जोडीने आणि मधे एक, अशा पाच पोलादाच्या आणि चार पितळेच्या मिळून नऊ दांड्या झाल्या. दिसायला शेगडीच्या जाळीसारख्या, म्हणून नाव ग्रिडआयर्न लंबक.

भाऊ जेम्सच्या मदतीने १७२५ ते १७२८ या काळात बनवलेली ही घड्याळं महिन्याला सुमारे एका सेकंदाच्या आत चुकत. खेड्यात बसून एवढा फरक मोजायचा तरी कशाने? हॅरिसनने खिडकीची कड आणि शेजाऱ्याच्या घराचं धुराडं यांची रेघ धरली. रोज रात्री एखादा तारा त्या धुराड्याआड जाई, तेव्हा तो घड्याळात बघे. तारा रोज ३ मिनिटं ५६ सेकंद आधी दिसेनासा व्हायला हवा. जेवढा फरक पडेल तेवढी घड्याळाची चूक. खर्च शून्य, आणि मोजमाप आकाशाइतकं पक्कं.

आता गोष्ट समुद्रावर जाते. त्या काळी भर समुद्रात जहाजाचा अक्षांश सूर्यावरून कळे, पण रेखांश कळत नसे. हा काय प्रकार आहे, ते आपल्या पोफळीवरून समजून घेऊ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. पोफळी साधारण ७३.७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ ९ अंश पश्चिमेला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. म्हणून पोफळीला सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा वर्षाच्या सरासरीने घड्याळात १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. आता हेच उलटं करा. मैदानात एक काठी उभी करून सर्वात आखूड सावलीची वेळ बघितली आणि हातातलं घड्याळ खरं असेल, तर आपण किती अंशांवर आहोत ते निघतं. जहाजावरही तेच. निघालेल्या बंदराची वेळ सांभाळणारं घड्याळ जवळ असेल, तर रेखांश मिळाला.

पण असं घड्याळ नव्हतं. १७०७ साली सिली बेटांजवळ इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. १७१४ साली ब्रिटिश संसदेने कायदाच केला. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचं बक्षीस! अर्धा अंश म्हणजे २ मिनिटं. वेस्ट इंडीजपर्यंतचा प्रवास सुमारे सहा आठवड्यांचा, म्हणजे घड्याळाने दिवसाला ३ सेकंदांपेक्षा कमी चुकायचं. तेही हलत्या बोटीवर, खाऱ्या हवेत, थंडीतून उष्ण कटिबंधात जाताना. हे घड्याळाला जमणारच नाही, असं भल्याभल्यांचं मत होतं.

सुमारे १७३० मध्ये हॅरिसन आपली चित्रं घेऊन लंडनला गेला. धूमकेतूवाला एडमंड हॅली तेव्हा ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख होता. त्याने हॅरिसनला जॉर्ज ग्रॅहम या नामवंत घड्याळजीकडे पाठवलं. ग्रॅहमला हा सुतार इतका आवडला, की त्याने पदरचे पैसे उसने दिले. पाच वर्षांनी, १७३५ मध्ये, एच-१ तयार झालं. वजन सुमारे ३४ किलो! बोटीवर लंबक चालणार नाही, म्हणून त्यात स्प्रिंगने जोडलेले दोन तोल एकमेकांच्या उलट दिशेने झुलत. बोट हलली तरी एकाची चूक दुसरा भरून काढे.

१७३६ मध्ये एच-१ लिस्बनला जाऊन आलं. परतताना किनारा दिसला, तेव्हा जहाजावरच्यांचा अंदाज सुमारे ६० मैलांनी चुकला होता आणि हॅरिसनचा बरोबर होता. सगळे खूश. १७३७ मध्ये रेखांश मंडळाची बैठक भरली. आता वेस्ट इंडीजची अधिकृत चाचणी मागायची, नशिबाने पास झालं तर २०,००० पौंड खिशात, असा सरळ मामला होता. समोरच्या पंडितांपैकी कुणीही एच-१ मध्ये खोट काढत नव्हतं.

खोट काढली ती हॅरिसनने स्वतः! यात अमुक अमुक दोष आहेत, हे त्याने मंडळापुढे मांडलं. बक्षिसाची चाचणी मागितलीच नाही. दुसरं, सुधारलेलं घड्याळ करायला फक्त ५०० पौंड मागितले. त्यातले निम्मे आधी मिळाले. हॅरिसनच्या सगळ्या आयुष्याची किल्ली मला या प्रसंगात दिसते. परीक्षकाला न दिसलेली चूक आपणहून दाखवायची, आणि तीही एवढी रक्कम समोर असताना.

एच-२ झालं. चाचणी घेताना त्याच्या लक्षात आलं, की जहाज वळण घेतं तेव्हा दांडीसारख्या लांब तोलांवर अपकेंद्री बलाचा परिणाम होतो. हा दोष डिझाइनमध्येच होता. त्याने एच-२ समुद्रावर पाठवलंच नाही. एच-३ मध्ये गोल तोल घातले. या यंत्रावर त्याने आयुष्यातली १९ वर्षं घालवली, सत्तेचाळिसाव्या वर्षापासून सहासष्टाव्या वर्षापर्यंत. त्यात साडेसातशेच्या वर भाग आहेत. तापमानासाठी त्याने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून बायमेटॅलिक पट्टी बनवली. घर्षणासाठी पिंजऱ्यात बसवलेले रोलर बेअरिंग बनवलं. आज इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये आणि आपल्या बाईकच्या चाकात या दोघांचेच वंशज बसलेले आहेत. मधे १७४९ साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. पण एच-३ काही मनासारखं चालेना. तोलाचा झोका लहान-मोठा झाला की त्याला लागणारा वेळ बदले, आणि ते काही केल्या सुटत नव्हतं.

इथे दुसरा एखादा त्याच यंत्राला कवटाळून बसला असता. एवढी वर्षं घातली, आता कसं सोडायचं? पण १७५३ च्या सुमारास जॉन जेफ्रीज नावाच्या घड्याळजीने हॅरिसनच्या डिझाइनवरून त्याच्यासाठी एक खिशातलं घड्याळ बनवलं होतं. ते अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चाललं. हॅरिसनने त्यातला इशारा ओळखला. मोठं आणि सावकाश झुलणारं यंत्र जहाजाच्या हेलकाव्यांना बळी पडतं. लहान आणि वेगाने झुलणाऱ्या तोलाला हेलकावे फारसे जाणवत नाहीत. १७५९ मध्ये एच-४ पूर्ण झालं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्याही आत, सेकंदाला पाच टिका. जन्मभर तेलाशी वैर करणाऱ्याने यात निमूटपणे तेल वापरलं, आणि घासणाऱ्या जागी माणकं आणि हिरे बसवले. वेगाने थरथरणारी वस्तू वेळ चांगली राखते, हेच तत्त्व पुढे क्वार्ट्‌झमध्ये आलं. मनगटावरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो.

१७६१ च्या नोव्हेंबरात एच-४ जमैकाला निघालं. हॅरिसन ६८ वर्षांचा होता, म्हणून बरोबर मुलगा विल्यम गेला. ८१ दिवसांत घड्याळ ठरलेला दर धरून फक्त ५ सेकंद चुकलं! बक्षीस मिळायला हरकत नव्हती. पण मंडळ म्हणालं, हा योगायोग असू शकतो. १७६४ मध्ये बार्बाडोसची दुसरी चाचणी झाली. ४७ दिवसांत चूक ३९.२ सेकंद. मागितलेल्या अचूकतेच्या तिप्पट चांगली. तरी १७६५ मध्ये नवा कायदा आला. यंत्र उघडून सगळी रचना समजावून द्या, मग निम्मे पैसे, आणि दुसऱ्या कारागिरांना ते बनवता येतं हे सिद्ध झालं की उरलेले.

ही गोष्ट सांगताना नेव्हिल मॅस्केलिनला खलनायक ठरवायची पद्धत आहे. तो चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता होता, १७६५ मध्ये ग्रिनिचचा प्रमुख झाला आणि पदाने मंडळावरही होता. स्पर्धकच परीक्षक, हे काही बरोबर नव्हतं. त्याच्या देखरेखीखाली जुनी घड्याळं हलवताना एच-१ हातातून पडलंसुद्धा. पण मंडळाच्या प्रश्नात तथ्य होतं. एका माणसाने वर्षानुवर्षं खपून बनवलेला एक नमुना शेकडो जहाजांना काय कामाचा? ज्याची दुसरी प्रत निघत नाही ते इंजिनिअरिंग अर्धंच. लार्कम केंडल या कारागिराने १७६९ मध्ये एच-४ ची हुबेहूब प्रत बनवली आणि कॅप्टन कुकने ती १७७२ ते १७७५ च्या सफरीवर नेली. अंटार्क्टिकच्या थंडीपासून उष्ण कटिबंधापर्यंत ती विश्वासाने चालली. कुक तिच्यावर बेहद्द खूश होता.

तोपर्यंत हॅरिसन ऐंशीच्या घरात पोचला होता. त्याने एच-५ बनवलं आणि मुलामार्फत थेट राजा तिसऱ्या जॉर्जकडे दाद मागितली. राजाने १७७२ मध्ये स्वतःच्या वेधशाळेत घड्याळ तपासायला घेतलं. असं सांगतात, की सुरुवातीला ते भलतंच चुकायला लागलं. मग राजाला आठवलं, की शेजारच्या कपाटात चुंबकाचे दगड ठेवलेत! ते हलवले आणि घड्याळ सुतासारखं सरळ आलं. यंत्राला दोष देण्याआधी आजूबाजूला बघा, हा धडा लॅबमध्ये लिहून लावण्यासारखा आहे. १७७३ मध्ये संसदेने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले. पैसे मिळाले, पण मंडळाकडून बक्षीस असं अधिकृतपणे कधीच मिळालं नाही. १७७६ साली, आपल्या त्र्याऐंशीव्या वाढदिवशीच, लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

पुढे दुसऱ्या कारागिरांनी त्याचं यंत्र सोपं आणि स्वस्त केलं. १८३१ मध्ये डार्विनला घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर अशी २२ घड्याळं होती. जहाजांच्या घड्याळांना किनाऱ्यावरही खरी वेळ लागे. आपल्या मुंबईत १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभी राहिली, ती वेळ राखण्याच्या या कामासाठीही होती.

हॅरिसनची जुनी यंत्रं मात्र धूळ खात, गंजत पडली. १९२० पासून रूपर्ट गूल्ड या नौदलातल्या हौशी माणसाने, पुन्हा एक हौशीच बघा, वर्षानुवर्षं खपून ती चालू केली. एच-१, एच-२ आणि एच-३ आज ग्रिनिचला चालू अवस्थेत ठेवली जातात. एच-४ ला तेल लागतं आणि झीज होते, म्हणून ते बंद ठेवतात.

म्हातारपणी, १७७५ मध्ये, हॅरिसनने एक पुस्तक लिहिलं. शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आत राहील असं लंबकाचं घड्याळ बनवता येईल, असा त्यात दावा होता. लोकांनी म्हाताऱ्याला वेड्यात काढलं. २०१५ मध्ये ग्रिनिचला त्याच्या तत्त्वांवर बनवलेलं एक घड्याळ सीलबंद पेटीत ठेवून तपासलं गेलं. मार्टिन बर्जेसने सुरू केलेलं आणि पुढे दुसऱ्यांनी पूर्ण केलेलं हे घड्याळ. शंभर दिवसांत चूक निघाली ५/८ सेकंद! २४० वर्षांनी सुतार पास झाला.

आपल्या शेजारी, पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं पॉवरहाऊस आहे. तिथली जनित्रं ५० सायकल्सना बांधलेली. ही वारंवारता दिवसभर अर्ध्या सायकलने जरी कमी राहिली, तर विजेच्या सायकल्स मोजून चालणारं घड्याळ दिवसात १४ मिनिटं २४ सेकंद मागे पडेल. म्हणजे वेळ राखायची शिस्त आजही आपल्या धंद्याच्या मुळाशीच आहे.

तेव्हा मित्रांनो, यंदा प्रोजेक्टला काही सुचलं नाही तर वर्कशॉपमध्ये एक लाकडी घड्याळ करून बघा. ते चुकेलच. ते किती चुकलं, हे रोज ठरलेल्या वेळी वहीत लिहा आणि शेजारी तापमान लिहा. ग्राफ सुंदर यावा म्हणून आकडे जुळवून लिहिणाऱ्याला घड्याळ कधीच कारण सांगत नाही. खरे आकडे लिहिणाऱ्याला महिन्याभरात सांगतं. आणि व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांना यंत्र चालवून दाखवाल, तेव्हा त्यातला सगळ्यात मोठा दोष तुम्हीच आधी सांगा. मार्क कमी होतील का, ते माहीत नाही. पण पुढचं यंत्र नक्की चांगलं होईल.